परक्याच्या गळ्यातली वीणा

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडखळली. म्हणजे काय, उचकी लागल्यासारखी एकदा हलली आणि मुकाट वर गेली. एवढंच झालं. नीलेशच्या हातातल्या पिशवीतली मेथीची जुडी जागची हलली नाही. दार सरकलं, तो रोजच्यासारखा डावीकडं वळला, दोन्ही हात भरलेले म्हणून कोपरानं बेल दाबली, आणि प्राजक्तानं दार उघडलं. हाताला पीठ, कपाळावर तीच चुकार बट. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" आपल्याला! संसारात एवढी भांडणं झाली, पण अगदी तुटेपर्यंत ताणलेल्या भांडणातसुद्धा तिनं नवऱ्याला कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. त्याला हसू आलं. "मेथी आणलीय. निवडायला तुझ्या मातोश्रींना बोलव आता," तो म्हणाला आणि चपला काढायला वाकला. तेव्हा आतून बनियनवरचा एक गृहस्थ आला, टॉवेलनं मान पुसत, ज्याचं घर असतं त्याच्या सैलपणानं. "कोण गं? भाजीवाले वरपर्यंत यायला लागले का?" नीलेश वाकलेलाच राहिला. दाराशी चपलांची ओळ होती, तिच्यात त्याची एकही नव्हती. आपण हरवलो हे माणसाच्या डोक्याला कळायच्या आधी कमरेला कळतं. त्याची कमर काही केल्या सरळ होईना. दार लागलं. आतून प्राजक्ता म्हणाली, "बिचारा. कुठल्या तरी वेगळ्या बिल्डिंगमध्ये आला असेल." तिचा स्वर मायेचा होता, आणि तेच त्याला सोसलं नाही.

जिन्याच्या खिडकीशी तो बराच वेळ उभा राहिला. बाहेर डोंगरांच्या दिशेला आभाळ असायला हवं होतं, तिथं राखेच्या रंगाचं काहीतरी अवाढव्य टांगलेलं होतं, टोपावर झाकण जरा कलतं ठेवावं तसं. "आज अजून खाली आलंय ना साहेब?" मागून वॉचमन म्हणाला, धरणातलं पाणी किती उतरलं ते सांगावं अशा सुरात. "काय आलंय?" वॉचमननं त्याचं तोंड हुंगल्यासारखं केलं. "वरचे. अजून काय?" मग पुढच्या काही दिवसांत चहाच्या टपरीवर, दुकानांतल्या टीव्हीसमोर उभं राहून नीलेशला कळत गेलं. हे जग त्याचं नव्हतं. त्याच्या जगाच्या भिंतीला भिंत लावून असलेलं दुसरंच कुठलं तरी होतं, आणि ह्या जगावर कुणीतरी चाल करून आलं होतं. समुद्रापलीकडच्या देशांत ते उतरले होते आणि उतरले तिथली माणसं पुन्हा दिसली नव्हती. आता ते जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांवर येऊन थांबले होते. टीव्हीवरची बाई त्यांना 'अभ्यागत' म्हणायची. ठाण्यातली माणसं म्हणायची, "नशीब आपलं. मोकळ्या जागेवर उतरतायत." मोकळी जागा! त्या मोकळ्या जागेत पोशेरा होतं, पोशेऱ्यात त्याचं घर होतं, त्याच्या आयुष्याची पहिली अर्धी बाजू होती. पण असंच असतं. ज्यांच्या डोंगरातलं पाणी आपण पितो, त्यांच्या डोंगराला माणूस नुसती जागाच म्हणतो.

त्या लिफ्टमध्ये त्यानं किती फेऱ्या मारल्या त्याला गणती नाही. वर, खाली, पुन्हा वर. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये श्वास धरून उभा राहायचा. उचकी काही लागायची नाही. लिफ्टमधल्या आरशात रोज एक दाढी वाढत चाललेला माणूस दिसायचा, आणि एकदा त्या आरशातून त्याच्या मागं उभी असलेली प्राजक्ता दिसली, आक्रसून कोपऱ्यात गेलेली, पर्स छातीशी. त्यानंतर वॉचमननं दंडाला धरून त्याला फाटकाबाहेर काढलं. फुटपाथवर बसल्या बसल्या त्याच्या मनात तो विचार आला, आणि इतका लबाडपणे आला की त्याला स्वतःची शरम वाटली. त्याच्या जगात आई जाऊन दोन पावसाळे झाले होते. पण ह्या जगात? जिथं बायको बायको नाही, तिथं मेलेली आई मेलेली कशावरून असेल? बायको ओळखत नाही, ठीक. बायको म्हटलं तरी वाटेत भेटलेलं माणूस. पण पोटात वाढवलेलं माणूस आई विसरेल कशी? तिनं 'निल्या' म्हणून एकदा हाक मारली की झालं. मग हे जग कुणाचंही असो, डोक्यावर झाकण पडो नाहीतर आभाळ, आपण कुणाचे तरी असू. दुसरं त्याला काही नको होतं.

जव्हारच्या स्टँडवर खाली जाणाऱ्या गाड्यांना लोक टपापर्यंत लटकलेले होते. कोंबड्या, जातं, गादी, म्हातारी, सगळं एकावर एक. वर मोखाड्याकडं जाणारी एकच जीप होती, उरलेली माणसं आणायला निघालेली. "सगळं जग उतरतंय नि तू एकटा चढतोयस," ड्रायव्हर म्हणाला. "वर बायको ठेवलीयस का काय?" "आई आहे," नीलेश म्हणाला, आणि 'आहे' म्हणताना त्याच्या जिभेला गोड लागलं. घाटात उजेड पिवळट होता, काविळीच्या डोळ्यांसारखा. प्रत्येक झाडाला दोन सावल्या पडलेल्या, एक सूर्याची आणि एक त्या झाकणाची. पाखरं नव्हती. भातं कापून झालेली, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या तशाच, आणि वळणावळणाला त्याला आपलं जग आणि हे जग एकमेकांवर ठेवल्यासारखं दिसत होतं, ट्रेसिंग पेपरवर गिरवलेलं चित्र जरासं सरकावं तसं. ही मोरी तीच. हा आंबा तोच. ह्याच वळणावर त्याला लहानपणी तापात झोळीतून नेत होते. बांबूला बांधलेली गोधडी, पुढं बाप, मागं नवसूकाका, शेजारून पळणारी आई, आणि वरती हेलकावे खाणारं आभाळ. वळणावर मिठाची पोती घेऊन वाट चुकलेली एक जीप आली होती. पोत्यांवर त्याला निजवून जव्हारच्या दवाखान्यात नेलं होतं. म्हणून तो होता. म्हणून शाळा, नोकरी, ठाणे, प्राजक्ता, मेथी. एका वाट चुकलेल्या जीपवर आपला सगळा संसार उभा होता हे त्याला आजवर कधी जाणवलं नव्हतं, आणि आता जाणवलं तेव्हा ड्रायव्हर विडी पेटवत विचारत होता, "वांती होतेय का? होत असली तर बाहेर तोंड काढ बाबा."

पोशेऱ्यात शिरता शिरताच टाळांचा आवाज आला. गाव अर्धंअधिक रिकामं झालेलं, वर ते टांगलेलं, आणि देवळापुढं जांभळीच्या डहाळ्यांचा हिरवागार मांडव घालून सप्ताह चाललेला. वीणा उभी होती. गळ्यात वीणा अडकवून एक तरणा पोरगा देवापुढं पुढं-मागं झुलत 'रामकृष्णहरी' म्हणत होता. सप्ताहाची वीणा एकदा उभी राहिली की काल्यापर्यंत खाली ठेवायची नाही. विणेकऱ्यानं बसायचं नाही. दुसरा पहारेकरी आला, त्यानं पाया पडून आपल्या गळ्यात घेतली, की मगच पहिला सुटला. सुटला की घरी जाऊन जेवायचं. हे नीलेशला कुणी शिकवलं नव्हतं, आईच्या मांडीवर बसून ते त्याच्या हाडांत गेलं होतं. आई टाळी वाजवायची तेव्हा तिच्या बांगड्या त्याच्या कानाशी वाजायच्या, आणि बुवा काय सांगतायत ते कळलं नाही तरी तिचं पोट हसलं की तो हसायचा, तिचं पोट थरथरलं की रडायचा. मांडवाच्या कडेला, चुलाणाशी, नागलीच्या भाकरी थापत ती बसली होती. गोदा. जिवंत. केस पांढरे, पण हाताची थाप तीच.

तो समोर जाऊन उभा राहिला. तिनं वर बघितलं. "कुणाचा रं तू?" "तुझा," तो म्हणाला. "निल्या." भाकर तव्यावर करपायला लागली तरी कुणी उलटली नाही. शेजारी कांदे चिरणारी मालू, तोंडाची फटकळ, ती विळी आडवी टाकून उठली. "गोदे, हात लावू नको. वरून सोडलेला असल! आधी मेल्यांची रूपं पाठवतील, मंग सवता येतील." म्हातारा नवसू, सप्ताहाचा म्होरक्या, काठी टेकत आला. "भुताचं पाय उलटं असतात, ह्याचं सरळ हाइत," तो म्हणाला. "आणि वरच्यांनी पाठवला असता तर जरा बऱ्या कापडांत पाठवला असता. हा तर आपल्यासारखाच भिकारी दिसतोय." चार माणसं हसली. गोदा हसली नाही. ती उठली, पिठाच्या हातानं तिनं त्याचा उजवा कान पुढं दुमडला. मागं विळा लागल्याचा व्रण होता. तिचं बोट व्रणावरून एकदा फिरलं, ओळखीच्या पायवाटेवरून पाय आपोआप जावा तसं, आणि मग चटका बसल्यासारखं मागं आलं. "खूण तीच हाय," ती म्हणाली. "पन मी त्याला ह्या हातांनी मातीत ठेवला. झोळी वळणापातुर गेली नि तिथंच... गाडी कसली येतेय तिथं! आता खूण घेऊन मी काय करू?" मग खाली बसली, करपलेली भाकर उलटली आणि म्हणाली, "सप्ताहात आलेल्या मानसाला उपाशी धाडत नाय. बस पाव्हण्या, जेव."

पाव्हण्या. त्यानं जेवताना तो शब्द भाकरीबरोबर चावून बघितला. घशाखाली उतरला नाही. उडदाची आमटी तीच होती, तेवढंच मीठ, तीच लसणाची फोडणी, आणि वाढणारा हात तोच. पण वाढताना ती पानाकडं बघायची, तोंडाकडं नाही. वीणा घेऊन उभा असलेला पोरगा तिचा तुषार. नीलेश गेल्यावर कितीतरी वर्षांनी, नवससायासांनी झालेला. नीलेशच्या जगात तुषार नव्हताच. तिकडं एकाला वाढवण्यात तिचं सगळं बळ सरलं होतं. इकडं झोळीत मेलेल्या पोराच्या जागेवर हा उगवला होता, आणि चांगला उगवला होता. उंच, सरळ, गाता गळा. पहारा सुटल्यावर तो नीलेशच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "दादा म्हनू का? आयस म्हनती नको म्हनू. पन मला लहानपनापासून एक दादा हाय म्हनून सांगितलाय. मेलेला. मेलेल्याला दादा म्हनायचो, तर जित्याला म्हनायला काय झालं?" नीलेशला त्याचा हेवा वाटला, मग कीव वाटली, मग पुन्हा हेवा वाटला. ह्यानं आपली जागा घेतली, की आपण ह्याची घ्यायला आलोय?

सप्ताहाला जामसरचे सुदर्शनबुवा आले होते. डोळ्यांनी अधू, अंगानं काडी, पण बुवा उभे राहिले आणि पहिला आलाप लावला की मांडव भरून जायचा; समोर मोजकीच माणसं बसलेली असत हे विसरायला व्हायचं. त्यांचा आवाज फाटला होता, पण फाटल्या जागेतूनच उजेड यायचा. बुवा निरूपणात गोष्ट सांगत होते. एका घरी देव पाहुणा म्हणून आला. घरधन्यानं विचारलं, गाव कुठलं? देव म्हणाला, सगळीच. बाप कोण? म्हणाला, नाही. जात? म्हणाला, विसरलो. घरधनी म्हणाला, "मग बाबा, तू आमच्या उपयोगाचा नाहीस, आमच्या घरी पाहुणा येतो तो नात्याचा येतो." हंशा झाला. बुवा थांबले आणि हलकेच म्हणाले, "हसू नका. देव दारातनं परत गेला, तो अजून फिरतोय. आलेला कुणाचा आहे हे विचारण्याआधी आपण कुणाचे आहोत हे विचारावं." टाळ वाजले. गोदाच्या बांगड्या वाजल्या. नीलेशनं वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती त्याच्याकडं बघत होती. त्या क्षणी ठाणे, लिफ्ट, प्राजक्ता सगळं त्याच्या अंगावरून धुतल्यासारखं उतरलं. आता ती हाक मारेल, त्याला वाटलं. आज नाहीतर उद्या. कीर्तन खोटं कसं जाईल? रोज झाकण थोडं थोडं खाली येत होतं आणि तो रोज सरपण फोडत होता, पत्रावळी लावत होता, आणि इतका सुखात होता की त्याला लाज वाटावी.

काल्याच्या आदल्या दिवशी, दुपारची पंगत बसायच्या वेळेला, ट्रक आले. शेवटचे. ड्रायव्हर खाली उतरलासुद्धा नाही. "आत्ताच्या आत्ता. ते खालच्या माळावर टेकलेत. ह्याच्यानंतर गाडी नाय." मांडवात एकदम वारं शिरल्यासारखं झालं. बायका पोरांना हाका मारत धावल्या. "आन काला?" नवसू म्हणाला. "उद्या काला हाय." "काला पांडुरंगाला सांग करायला!" ड्रायव्हरनं हॉर्न मारला. वीणा तुषारच्या गळ्यात होती. तो झुलायचा थांबला नव्हता. "वीणा घिऊन गाडीत चढ," मालू ओरडली. "गाडीत म्हन रामकृष्णहरी, देवाला काय कळतंय!" नवसूनं काठी आपटली. "मांडवाच्या भायेर वीणा नेता येत नाय. जिथं उभी केली तिथंच उतरायची. धरनाच्या वेळेला घाई केली, मधीच खाली ठेवली. काय झालं मंग? वरलं गाव पान्यात गेलं का नाय?" बुवांना दोघांनी उचलून ट्रकमध्ये बसवलं होतं, ते तिथून हात जोडून रडत होते. म्हाताऱ्या माणसाला कोण काय म्हणणार? तुषार झुलता झुलता म्हणाला, "तुमी जा. माजा पहारा हाय. मी उभा हाय." अगदी साधेपणानं म्हणाला. गोदाच्या तोंडाचा रंग गेला.

नीलेश मांडवामागं पातेली घासत होता. ती आली तेव्हा त्यानं आधी तिचे पाय बघितले, घाईत एका पायात जोडा नव्हता. मग ती खाली बसली, त्याच्या ओल्या, राखेनं भरलेल्या हातावर तिनं हात ठेवला आणि म्हणाली, "निल्या." किती दिवस तो ह्या दोन अक्षरांवर जगत होता! आत काहीतरी सुटलं. डोळ्यांसमोरचं पातेलं, राख, पाणी सगळं एकमेकांत मिसळलं. "निल्या, तुज्या भावाला जरा सोडव रं. सकाळधरनं उभा हाय. भाकर खाऊन येल." त्याला कळलं का तेव्हा? पुढं कितीतरी वेळ तो स्वतःला हेच विचारत राहिला. ट्रकचा हॉर्न त्याला ऐकू येत होता. ड्रायव्हर काय म्हणाला तेही त्यानं ऐकलं होतं. आणि ती त्याच्याकडं बघत होती हे खरं, पण तोंडाकडं नव्हे. मानेकडं बघत होती, बाजारात बैलाच्या मानेकडं बघतात तशी, जू पेलेल का म्हणून. हे सगळं त्यानं बघितलं. पण जन्मदात्या आईनं पहिल्यांदा नावानं हाक मारल्यावर 'कशासाठी' असं विचारायला जी छाती लागते ती कुठल्याच जगात कुणाला नसते. त्यानं हात धुतले. मांडवात गेला. तुषारच्या पाया पडला. तुषारही वाकला, कारण देणाराही घेणाऱ्याच्या पाया पडतो. वीणेचा पट्टा गळ्यात आला, अजून कोमट होता. "लगेच येतो, दादा," तुषार म्हणाला. नीलेशनं तार छेडली आणि पहिलं पाऊल टाकलं. रामकृष्णहरी.

त्यानंतरचं त्याला पाठमोरं ऐकू आलं, कारण विणेकऱ्याचं तोंड देवाकडं असतं. ट्रकचं मागचं फळकूट आपटल्याचा आवाज. कुणीतरी झोंबतंय. तुषारचा आवाज, "सोडा! मला सोडा! दादा..." आणि पुढचं इंजिनानं खाल्लं. मालू कुणाला तरी सांगत होती, "आता काय नियम मोडला नाय आपन. वीणा उभी हाय." नवसूचा आवाज, थकलेला, पण हलका झालेला: "हां. गावावर बोल नाय आता." मग ट्रक घाटाकडं वळले आणि गावावर एवढी शांतता पडली की तारेचा आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटला. तो झुलत राहिला. रागानं त्याचे पाय ठेक्यावर जास्त नेमके पडायला लागले. वा रे धर्म! वीणा उभी राहिली पाहिजे, उभा राहणारा आपल्यातला नसला की झालं. ज्याचं कुणी नाही तो अशा वेळी गावाच्या फार उपयोगी पडतो. आणि ती? तिनं तरी काय चुकीचं केलं? दोन लेकरांतलं एक आधीच मातीत दिलेलं, दुसरं जगवायला तिनं पहिल्याचं नाव वापरलं. नाव तिचंच होतं, तिनंच ठेवलेलं. ह्या विचारानं तो तिला माफ करू बघायचा, आणि तार छेडली की माफी विरून जायची, उरायची फक्त ती नजर, मानेवरची. मध्येच त्याला वाटायचं, ठेवावी खाली. कोण बघतंय? देव? जो दारातून परत गेला आणि अजून फिरतोय, तो? पण खांदा उचलायला गेला की पाय आपोआप पुढचं पाऊल टाकायचे. आईच्या मांडीवर जे हाडांत गेलं होतं ते आईपेक्षा जास्त इमानी निघालं. रात्र कशी गेली ते त्याच्या पायांना माहीत, त्याला नाही.

उजाडल्यावर ते आले. पाठीमागून आले, तरी त्याला कळलं, कारण मांडवात श्वास घ्यायला जागा कमी झाली. तो झुलत मागं आला आणि वळणात त्याला दिसलं: सबंध मांडव भरला होता. भाताच्या भाऱ्यांसारखे उभट, ओल्या दगडाच्या रंगाचे, चेहरा म्हणावा असं काही नाही. आतल्या आत वारं सुटल्यासारखे हलणारे. बायकांची बाजू आणि पुरुषांची बाजू सोडून मधली वाट त्यांनी मोकळी ठेवली होती. जशी ठेवायची असते तशी. किती दिवस वरून बघत होते कोण जाणे. त्याचा घसा कधीच बसला होता, नाम नुसत्या ओठांनी चाललं होतं. आता हे काय करतील? समुद्रापलीकडच्या माणसांचं जे केलं ते करतील. करोत. पहाऱ्यावर असताना येईल ते बरं, असा एक विचार त्याच्या मनात आला, आणि लगेच दुसरा आला की ही तर गोदाचीच सोय झाली. त्यातला एक पुढं आला. मधल्या वाटेनं, हळू. नीलेशच्या समोर आला, आणि त्याचं वरचं अंग दुमडलं, खाली खाली आलं आणि नीलेशच्या सुजलेल्या पावलांना टेकलं. गार होतं ते, सकाळच्या पाटाच्या पाण्यासारखं. मग ते सरळ झालं आणि वाट बघत उभं राहिलं.

त्याला सोडवायला कुणीतरी आलं होतं. नीलेशला हसायला आलं, पण त्याचा वेगळाच आवाज झाला. देऊ? ज्यांना चुकवून सगळं गाव पळालं त्यांच्या गळ्यात गावाची वीणा? पण गावात येऊन गळ्यातलं ओझं घेतो म्हणणारं दुसरं कोण होतं? त्यांना गळा तरी कुठं होता? त्यानं बुवांसारखे हात जोडले नाहीत, देवाकडं बघितलंसुद्धा नाही. तो वाकला, त्या गार ओल्या पायथ्याला डोकं लावलं, पट्टा काढला आणि जिथं खांदा असावा असं वाटलं तिथं अडकवला. त्या अंगातून एक पातळसं काहीतरी बाहेर आलं, तारेवरून फिरलं. ठेका चुकला नाही. रामकृष्णहरीच्या जागी नुसता एक हुंकार येत होता, लांबट, पेंढ्यातून वारा जावा तसा, पण जागच्या जागी, समेवर. बाकीचे जागचे हलले नाहीत. त्याला कुणी अडवलं नाही. मधल्या वाटेनं तो बाहेर पडला.

पहारा सुटला की घरी जाऊन जेवायचं. पाय ओढत तो निघाला. गावात घरांची दारं सताड उघडी होती, घाईत लोक जसे उठले तसे गेले होते. मालूच्या ओट्यावर चिरलेला कांदा पसरलेला, नवसूच्या पडवीत हुक्क्याची चिलीम, आत चुलीशी उतरवलेली भाताची भांडी. वाऱ्यानं फळ्या आपटत होत्या. ज्याला यायचं त्यानं यावं, अशी सगळी घरं. तो गोदाच्या घरापाशी आला. वाटलं, शिंक्यात एखादी भाकर असेल, कोपऱ्यात तिची गोधडी असेल, तिच्यात तोंड खुपसून निजता येईल. दार बंद होतं. त्यानं ढकललं. हललं नाही. मग त्याला कडीत कुलूप दिसलं. मोठं, पितळी, तेल दिलेलं.

तो ओट्यावर बसला आणि त्या कुलपाकडं बघत राहिला. चोर कुठले, गावात माणूसच उरलं नव्हतं. वरून उतरणाऱ्यांना कुलूप काय अडवणार, हे तिलाही कळत होतंच. सबंध पोशेऱ्यात, सबंध त्या रिकाम्या डोंगरात, दोन पायांवर चालत ह्या दाराशी येईल आणि कडी काढून आत जाईल असा एकच माणूस मागं राहिला होता. ट्रकचा हॉर्न वाजत असताना, पोरगा झोंबत असताना, एका पायात जोडा नसताना ती धावत घरी आली होती, कुलूप शोधलं होतं, लावलं होतं, ओढून बघितलं होतं. म्हणजे गाव सोडताना तिला शेवटची आठवण झाली ती त्याचीच.